थोरला अडीच, धाकटा अडीच

एक इंची पाइप हातात घेऊन त्यात एक इंच नेमका कुठे आहे ते शोधायला बसलं, तर माणसाला वेड लागेल. बाहेरून मोजा, तेहेतीस मिलिमीटर आणि वर थोडं. आतून मोजा, सव्वीसच्या पुढे. आणि इंच म्हणजे पंचवीस आणि थोडं. म्हणजे तो बाहेर नाही, आतही नाही, आणि भिंतीच्या जाडीत तर नाहीच नाही. तरी सगळे त्याला एक इंचीच म्हणतात. गिऱ्हाईक काउंटरवर टेकून म्हणतं, ताई, एक इंची द्या, आणि मी देते, आणि तो बसतोही बरोबर.

लग्न होऊन या दुकानात आले तेव्हा हे मला कोणी समजावून सांगितलं नव्हतं. सासरे खुर्चीत असायचे, हे दिवसभर बाहेर. दुपारी सासऱ्यांचा डोळा लागला की मी माप घ्यायचा व्हर्नियर घेऊन कोपऱ्यातल्या तुकड्यांशी बसायची. कितीतरी दिवस मला वाटत होतं, एक तर हा व्हर्नियर बिघडलाय नाहीतर मी. मग एका जुन्या कॅटलॉगच्या मागच्या पानावर तक्ता सापडला आणि हळूहळू उलगडलं. कधीकाळी पाइपांच्या भिंती चांगल्या जाडजूड होत्या आणि आतलं भोक नावाला धरून होतं. पुढे लोखंड सुधारलं, भिंत बारीक झाली. पण बाहेरचं माप बदलायची सोय नव्हती, कारण जगातल्या सगळ्या जोडण्या त्या बाहेरच्या मापाला बसवलेल्या. मग बाहेरचं तसंच ठेवलं आणि भोक मोठं झालं. नाव मात्र जुनंच चिकटलं ते चिकटलं. त्यावर आणखी शेड्यूलचा आकडा. चाळीस, ऐंशी, एकशेसाठ. आकडा जितका मोठा तितकी भिंत जाड आणि भोक लहान. बाहेरून सगळे सारखेच दिसतात. हे थेट बारा इंचापर्यंत चालतं. चौदाला पोचला की पाइप एकदम सज्जन होतो. नाव चौदा, आणि बाहेरून मोजला तरी चौदा.

मी ह्यांना एकदा म्हटलं, पाइपाला अक्कल यायला चौदा इंच लागतात. ते म्हणाले, काहींना तेवढ्यातही येत नाही, आणि धाकट्या भावाकडे बघितलं.

तो धाकटा भाऊ म्हणजे आमचा बाळ. मी या घरात आले तेव्हा तो शाळेत होता. सासूबाई आधीच गेलेल्या, त्यामुळे त्याचा डबा, त्याचे ताप, त्याच्या शाळेतल्या भानगडी हे सगळं आल्या आल्या माझ्या पदरात पडलं. आता त्याची चाळिशी उलटली, पोट सुटलं, डोक्यावरचं रान विरळ झालं, तरी घरात तो बाळच. मला तो अगं-तुगं करायचा आणि मी त्याला अरे-तुरे. पाइप त्याला मी शिकवले. जिथे मी धडपडले होते तिथे तो धडपडू नये म्हणून एकेक तुकडा हातात देऊन शिकवले. हे गेले, त्यानंतर दुकान आम्ही दोघांनी ओढलं. काउंटर माझा, बाहेरची कामं त्याची.

आमच्या धंद्यात एक जागा अशी आहे की तिथे शिकलेला माणूसही घसरतो. ती म्हणजे अडीच इंच. बाकी मापांवर इंचवाले आणि मिलिमीटरवाले बहुतेक ठिकाणी एकमेकांना सांभाळून घेतात. अडीचवर आले की दोघांचं जमत नाही. इंचवाल्यांचा अडीच बाहेरून त्र्याहत्तर मिलिमीटर. मिलिमीटरवाल्यांचा अडीच शहात्तर आणि वर एक दशांश. दोघांवरही अडीचच लिहिलेलं. फरक तीन मिलिमीटरचा, डोळ्यांना दिसेल न दिसेल असा. दोन्ही पाइप शेजारी ठेवले तर सख्खे भाऊ वाटतात. बाळ नुकता दुकानात बसायला लागला होता तेव्हा त्यानेच त्यांना नावं ठेवली, थोरला अडीच आणि धाकटा अडीच. ती नावं अशी रुळली की गिऱ्हाईकंसुद्धा येऊन म्हणायला लागली, दोन लांबी धाकटा द्या.

पाइपाचं एक वेळ चालतं, तो मोजता तरी येतो. खरी पंचाईत कपलिंगची. हे कपलिंग म्हणजे लोखंडी बांगडीचे दोन अर्धे, आत रबराची रिंग. दोन पाइपांच्या तोंडाजवळ खाच पाडलेली असते, त्या खाचांत ही बांगडी बसवायची आणि दोन्ही बाजूंचे बोल्ट आवळायचे. थोरल्याची बांगडी धाकट्या पाइपावर चढवली तरी चढते. बोल्ट आवळले की दोन्ही अर्ध्यांची तोंडं एकमेकांना टेकतात, आणि वरून बघणाऱ्याला वाटतं की काम झालं. आत मात्र ती खाचेत बसलेली नसते, नुसती काठाला टेकून असते. थोडं पाणी सोडलं तर रबर धरून ठेवतं. दाब वाढवला की कधीतरी सटकतं. कधी, ते कोणालाच सांगता येत नाही.

आमच्याकडच्या कपलिंगवर नुसतं अडीच लिहिलेलं यायचं, मिलिमीटरचा आकडा फक्त खोक्यावरच्या चिठ्ठीवर. चिठ्ठ्या काय, निघतात. म्हणून मी एक पद्धत पाडली. माल आला की थोरल्याच्या प्रत्येक कपलिंगला, बोल्ट ज्यातून जातो त्या बाहेर आलेल्या कानामागे पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका द्यायचा. धाकट्याला काही नाही. ठिपका मुद्दाम आडबाजूला द्यायचा, म्हणजे माल घासला तरी तो टिकतो. हे गिऱ्हाइकांना सांगितलेलं नव्हतं, ती आमची आतली खूण होती, माझी आणि बाळची. द्यायच्या आधी अंगठा कानामागे फिरवायचा. खरखरलं तर थोरला.

हळूहळू इकडचे सगळे इंचवाले झाले आणि थोरला अडीच कोणी विचारीना. नेमका त्याच सुमाराला बाळने उत्साहाने थोरल्याच्या कपलिंगचा मोठा साठा घेऊन ठेवला होता. गोदामाच्या मागच्या भिंतीला खिडकीच्या वरपर्यंत खोकी लागली. मी त्याला चिडवायची, तुझ्या थोरल्यांची लग्नं जमव आता, घरात किती दिवस ठेवणार. तो म्हणायचा, जमेल गं, स्थळ येईल.

स्थळ आलं ते नर्सेसच्या वसतिगृहाचं. नवी इमारत, तळमजला धरून तीन मजली. आग लागली तर छतातून पाणी सुटावं म्हणून प्रत्येक मजल्याच्या छतात पाइपांचं जाळं घालायचं होतं. काम बाळने आणलं, आणि बसवायला आमचे मिस्त्री. मिस्त्री सासऱ्यांच्या वेळचे. मला ताई म्हणतात, माझ्यापेक्षा वयाने मोठे असून. पाइप सगळा धाकटा. तळमजल्याची कपलिंगं मी स्वतः काउंटरवरून दिली, एकेकावर अंगठा फिरवून. मग माझ्या बहिणीचं ऑपरेशन निघालं आणि मी तिच्याकडे गेले. वरच्या मजल्यांचा माल बाळने परस्पर गोदामातून पाठवला.

मी परत आले तेव्हा बाळ काउंटरवर बसून चहा पीत होता. बहिणीची चौकशी केली, मग म्हणाला की वसतिगृहात टेस्टिंगच्या वेळी वरच्या मजल्यावर एक जोड सुटला, मिस्त्रींना थोडं लागलं. मी विचारलं, थोडं म्हणजे? तो म्हणाला, खांद्याला. आणि काहीतरी शोधायला आत गेला.

थोडं म्हणजे गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मिस्त्रींच्या घरी गेले. हात गळ्यात अडकवलेला, उशीला टेकून खिडकीकडे बघत बसले होते. त्यांच्या बायकोने चहा ठेवला आणि सांगितलं की रात्रंदिवस एकच धोशा लावलाय, माझ्या हातून कसं सुटलं. मग ती आत गेली.

"तोंडाला तोंड मिळालं होतं ताई," मिस्त्री म्हणाले. "माझ्या हाताने आवळलंय. तेवढं मिळालं की माणूस पुढच्या जोडाकडे वळतो. मीही वळलो."

मी म्हटलं, मिळालं असेल तर तुमचा दोष नाही. तेव्हा ते म्हणाले की कामावरच्या इंजिनीअर बाईंनी सुटलेला जोड खाली आणून तिथल्या तिथे मोजला. पाइप धाकटा आणि कपलिंग थोरलं. मी चहाचा कप खाली ठेवला. थोरलं तिथे पोचलंच कसं, असं मी विचारलं. मिस्त्री पडद्याकडे बघायला लागले. या माणसाला खोटं बोलता येत नाही, म्हणून तो गप्प बसतो. मी थांबून राहिले.

"बाळभाऊ म्हणाले, तुमच्याकडून खोकी बदलली."

"कोणाला म्हणाला?"

"सगळ्यांनाच. कामावर सगळे होते तेव्हा." मिस्त्रींनी गळ्यातली झोळी उगाच सरळ केली. "मी म्हटलं, ताईंचा हात चुकत नाही. तर म्हणाले, वहिनींचं हल्ली असं होतं. आम्ही घरात सांभाळून घेतो."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मला भीती वाटली. वाटलं, खरंच असेल का? चष्मा मागे एकदा फ्रिजमध्ये सापडला होता, आणि बाळ त्यावर आठवडाभर हसला होता. दूध ठेवून विसरले होते. शेजारणीच्या सुनेला तिच्या नणंदेच्या नावाने हाक मारली होती. घरी येताना रस्ताभर मी या असल्या गोष्टी वेचत आले, आणि वेचायला बसलं की काय, ढीगभर सापडतात. तळमजल्याचा माल मी दिला होता हे खरं. तेव्हाच माझ्या हातून थोरल्याचं एखादं खोकं धाकट्यांत ठेवलं गेलं असेल आणि तेच पुढे वर गेलं असेल. अंगठा फिरवला होता, पण अंगठ्याला कळलं नसेल. आणि ज्याला मी लहानाचा मोठा केला तो माझ्याबद्दल उगाच असं का बोलेल?

दुकानात कोणी नव्हतं. मी चार थोरली, चार धाकटी कपलिंगं काउंटरवर ओतली, डोळे मिटले आणि हात फिरवत वेगळी केली. डोळे उघडले. बरोबर. पुन्हा केलं. पुन्हा बरोबर. तरी समाधान होईना. आज बरोबर आलं म्हणजे त्या दिवशी आलं असेलच असं थोडंच आहे. मग गोदामात गेले, थोरल्यांची खोकी बघायला, आणि मागची भिंत मोकळी होती. खिडकीतून ऊन थेट फरशीवर आलेलं, जिथे इतके दिवस कधी आलं नव्हतं.

बाळला विचारलं. तो म्हणाला, कंपनीला परत पाठवली, किती दिवस सांभाळायची. माझ्या मनात आलं, ती कंपनी तर केव्हाच बंद पडली. आणि लगेच मीच मला दटावलं, नसेल पडली, तुझंच चुकत असेल. इथवर मजल गेली होती.

मग मी वसतिगृहाचं काढलं. त्याने माझ्या हातावर हात ठेवला. "वहिनी, मी तुला एका शब्दाने तरी बोललो का? होतं माणसाकडून. परवा तिथे बैठक आहे, त्या बाईंना फक्त एवढं सांग की चूक झाली. बाकी मी बघतो. आणि आता काउंटरची दगदग पुरे कर. आराम कर जरा." इतक्या मायेने बोलला की माझेच डोळे भरून आले. त्याला त्रास नको म्हणून मी लगेच हो म्हटलं.

म्हणजे मी तिथे गेले ती चूक कबूल करायला, आणि काउंटरवरून उठायची मनाची तयारी करून. गाडीत बाळने माझ्या बाजूची काच खाली केली, पाण्याची बाटली दिली. मी वाटेत दोनदा मनातल्या मनात वाक्य जुळवलं. माझ्याकडून खोकी बदलली, मला माफ करा. साधं वाक्य. तरी दर वेळी कुठेतरी अडकत होतं.

बैठक म्हणजे तळमजल्यावरच्या एका खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक टेबल. भिंतीवर पाइपांचा नकाशा चिकटवलेला, छताचा एक कोपरा अजून ओला. मिस्त्री झोळीसकट आले होते. इंजिनीअर बाई म्हणजे माझ्या भाचीच्या वयाची मुलगी, केसांत पेन्सिल खोचलेली. टेबलावर तो सुटलेला जोड ठेवला होता आणि बाजूला सगळी मापं तिने आधीच मांडून ठेवली होती. तिला काही शिकवायची गरज नव्हती. तिने सरळ सांगितलं की तिला कोणाला फासावर द्यायचं नाही. चुकीची कपलिंगं किती आहेत आणि कुठे आहेत, एवढंच तिला कळायला हवं, कारण पुढच्या आठवड्यात इथे मुली राहायला येणार. दाब तिने उतरवून ठेवला होता. पण जाळं कायम दाबाखाली राहणार, आणि छताखाली पलंग लागणार. सुटलेलं कपलिंग मिस्त्रींच्या खांद्यावर पडलं, तसं ते झोपलेल्या पोरीवरही पडू शकतं. शिवाय खरंच आग लागली तर तिथे पाणीच पोचणार नाही.

बाळ पुढे सरकला. म्हणाला, एकच खोकं, आणि ते त्याच मजल्यावर वापरलं गेलं, ते बदलून देतो, पुन्हा टेस्ट घ्या. काउंटरवर वहिनींकडून अदलाबदल झाली. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, जसं आजारी माणसाशी बोलतात तसं म्हणाला, "हो ना वहिनी?"

हो अगदी ओठांवर होतं. हात मोकळा होता म्हणून टेबलावरचं कपलिंग मी उचललं. सवयीने अंगठा कानामागे गेला. तिथे काही लागलं नाही, गुळगुळीत होतं.

मला क्षणभर बरंच वाटलं. म्हणजे ठिपका नव्हताच, म्हणून मी फसले, तर इतकं काही वाईट नाही. मग वाटलं, ठिपका नव्हता कसा? थोरल्याचं एकही कपलिंग मी ठिपक्यावाचून मांडणीवर चढवलेलं नाही. मी ते खिडकीकडे धरलं. कारखान्याचा लाल रंग सगळीकडे चकचकीत होता, फक्त कानामागे अंगठ्याएवढा गोल निस्तेज होता. तिथली चमक गेली होती. ऑइलपेंट थिनरने पुसला की खालच्या रंगाची चमकही त्याच्याबरोबर जाते.

चुकणारा माणूस पुसत नाही. त्याला माहीतच नसतं की काही पुसायला हवंय. खोकं बदललं असतं तर ठिपका जागच्या जागी राहिला असता, आणि तळमजल्यावर नसलेला पिवळा ठिपका वर कुठून आला, असं मिस्त्रींनी विचारलं असतं. हे कोणीतरी हातात धरून, चिंधी ओली करून, नेमकं तिथेच पुसलेलं होतं. आणि ती जागा जगात दोघांनाच माहीत होती.

मी ते कपलिंग हातातून खाली ठेवलं नाही. बाळच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो अजून माझ्या होकाराची वाट बघत होता. घाबरलेला नव्हता. त्याला खात्री होती. मला जे लागलं ते हे. चुकला असता, घाबरून माझ्याकडे आला असता, तर मी कशीतरी त्याला यातून सोडवायला धावले असते, लाज सोडून धावले असते. पण त्याने आधी एकेक ठिपका पुसला, मग कामावर सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं, मग घरी येऊन माझ्या हातावर हात ठेवला. तो हात आठवून मला शिसारी आली.

"बाळ," मी म्हटलं, "मागच्या भिंतीची खोकी कुठल्या कंपनीला परत पाठवलीस?"

"वहिनी, इथे ते कशाला?"

"सांग ना. ती कंपनी बंद पडली तेव्हा तूच मला येऊन सांगितलं होतंस."

 ओल्या कोपऱ्यातून एक थेंब खाली पडला आणि त्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. मी इंजिनीअर मुलीकडे वळले. तिला सांगितलं की एक खोकं नाही. तळमजला मी दिलाय, तो ठीक आहे. वरच्या दोन्ही मजल्यांवर जे गेलं त्यात थोरली किती आहेत ते मला सांगता येणार नाही, पण आमच्या गोदामाची अख्खी भिंत रिकामी आहे, आणि दुसरीकडे जायला त्यांना जागा नाही. खूण कुठे होती तेही सांगितलं, आणि पुसलेली जागा दाखवली. तिने कपलिंग उजेडात फिरवून बघितलं, आणि माझ्याकडे नाही, बाळकडे बघितलं.

"हिचं काही मनावर घेऊ नका," बाळ म्हणाला. "हिला हल्ली..."

"बाळभाऊ," मिस्त्री म्हणाले, "पुरे आता."

मिस्त्रींना इतक्या वर्षांत मी बाळशी असं बोलताना ऐकलं नव्हतं.  त्या मुलीने फोन करून दोन प्लंबर, शिड्या आणि पाने मागवले. वरची सगळी छतं उघडायची, आजच.

ते येईपर्यंत मी बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिले. बाळ मागोमाग आला. आधी नुसता शेजारी उभा राहिला, लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवायच्या आधी राहायचा तसा. मग सांगायला लागला. धाकटी कपलिंगं वेळेवर येईनात. काम हातचं जायची पाळी आली. मागे इतका माल पडलेला, आणि त्यावरून मी चिडवत असते ते वेगळंच. तीन मिलिमीटरचा तर प्रश्न. टेस्टला धरलं असतं तर पुन्हा कोणी वर बघितलंही नसतं.

मी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि नाव माझं का घेतलंस?"

त्याला खरंच आश्चर्य वाटलं. "तुला कोण काय म्हणणार होतं, वहिनी? माझं नाव गेलं असतं तर मला बाहेर कोणी काम दिलं नसतं. तू घरी बसली असतीस एवढंच. तुझं काय गेलं असतं?"

यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. त्याने मला फसवलं यापेक्षा, ते करताना त्याला फार काही वाटलं नाही, हे मला जास्त झोंबलं. दुपारी सासरे झोपल्यावर कोपऱ्यात बसून मी जे एकेक माप गोळा केलं, ते त्याच्या लेखी वहिनीचा वेळ जाण्याचं साधन होतं. ते काढून घेतलं तर वहिनी घरी बसेल, टीव्ही बघेल. मी त्याला म्हटलं, माझे हात गेले असते, बाळ. मी घरी बसून रोज तेच करत बसले असते, डोळे मिटून कपलिंगं वेगळी करत, आणि बरोबर आली तरी मला खरं वाटलं नसतं. हे तू माझं करून ठेवलं होतंस. चार दिवस मी तशीच होते.

तो म्हणाला, "चुकलं माझं." ते मला पटलंही असेल थोडं. 

प्लंबर आले. वरच्या मजल्यावर छताची पहिली फळी काढली आणि पाइपांचं जाळं उघडं पडलं. लाल कपलिंगं एका ओळीत, सगळी सारखी, सगळ्यांची तोंडं मिळालेली. मिस्त्री खाली खुर्ची टाकून बसले आणि एका हाताने सूचना द्यायला लागले, त्यांना जरा बरं वाटत असावं. इंजिनीअर मुलगी म्हणाली की खोलायची सगळीच, पण मी खूण ओळखून दिली तर चुकीची आधी उतरवता येतील. मी पदर खोचला. चष्मा पुसला. शिडी भिंतीला नाही, मधोमध उभी होती, आणि फरशी ओली. खाली धरायला कोणीतरी हवंच होतं.

बाळ पुढे आला आणि त्याने शिडीचे दोन्ही पाय धरले. सवयीनेच आला असावा. गोदामात वरच्या मांडणीवरून मी काही काढायची तेव्हा नेहमी तोच धरायचा, आणि मी खाली न बघता चढायची.

मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबले. खाली बघितलं. त्याचे हात घट्ट होते, शिडी हलत नव्हती. तरी माझा दुसरा पाय उचलेना. कितीही म्हटलं तरी उचलेना. मी पाय परत फरशीवर घेतला.

"शिडी दुसऱ्या कोणी तरी धरा," मी म्हटलं.

 एक प्लंबर पुढे झाला. बाळने हात काढले, पँटला पुसले, आणि दारापाशी जाऊन उभा राहिला. मग तिथूनही गेला. त्याच्या बुटांचा आवाज जिन्यावरून खाली जाताना ऐकू आला.

त्या अनोळखी माणसाने शिडी नीट धरलीय का ते मी दोनदा हलवून बघितलं आणि चढले. वर धूळ होती आणि नव्या रबराचा वास. पहिल्या कपलिंगच्या कानामागे अंगठा नेला, टॉर्च धरला. अंगठ्याएवढा गोल, निस्तेज.

"हे काढा," मी म्हटलं, आणि हात पुढच्याकडे नेला.